आठ माणसं आणि सहा महिने

तुमच्या घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला असेल आणि त्यानंतर त्यांचं हर्नियाचं, पित्ताशयातल्या खड्यांचं नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन निघालं असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला माहीत असेल. सर्जन सांगतात, फिजिशियनकडून फिटनेस आणा. फिजिशियन सांगतात, टू-डी इको करून या. आणि शेवटी भूलतज्ज्ञ फाइल चाळत चाळत विचारतात, "अटॅक कधी आला होता?" उत्तर 'चार महिन्यांपूर्वी' असं असलं की बऱ्याचदा ऐकू येतं, "सहा महिने होऊ द्या, मग बघू."

सहाच का? पाच का नाही, नऊ का नाही? माझं पीएचडीचं काम वैद्यकातल्या आकड्यांच्या इतिहासावर आहे. एखादा आकडा पहिल्यांदा कुणी मोजला, किती माणसांवर मोजला आणि तो वॉर्डातला नियम कसा बनला, हे मी शोधते. त्यात या सहा महिन्यांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुणावते. आज ती सांगते. (आधीच सांगून ठेवते, हा इतिहासाचा लेख आहे. तुमच्या पेशंटची तारीख त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायची, आणि चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी किंवा बीटा-ब्लॉकर हा लेख वाचून बंद करायचं नाही.)

आकडे हाताशी नव्हते तेव्हा डॉक्टर काय करायचे, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचं आहे. २४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हरमध्ये सुट्टीवर असताना ड्वाइट आयसेनहॉवर यांना मोठा हार्ट अटॅक आला. वय ६४. गंमत म्हणजे बाहेर पडलेली पहिली बातमी 'पोट बिघडलं आहे' अशी होती. त्यातून ते सावरले, पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्यांदा निवडणूक लढवणार असं जाहीरही केलं. आणि ८ जून १९५६ च्या पहाटे त्यांचं पोट खरंच बिघडलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला जुनाट सूज होती, ज्याला आज आपण क्रोन्स म्हणतो. तिथे अडथळा निर्माण झाला. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात सर्जन, फिजिशियन, हृदयरोगतज्ज्ञ असा मोठा ताफा जमला आणि दिवसभर वाट पाहत बसला.

वाट कशाची? अडथळा आपोआप सुटेल याची. ऑपरेशन केलं तर साडेआठ महिन्यांपूर्वी जखमी झालेलं हृदय ते सोसेल का, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. नाही केलं तर आतडं सडून माणूस जाणार, हे मात्र खात्रीने सांगता येत होतं. रात्री उशिरापर्यंत हे चाललं. अखेर ९ जूनच्या पहाटे तीनच्या सुमारास लेनर्ड हीटन यांनी पोट उघडलं. सुजलेल्या भागाला हात न लावता त्यांनी त्याच्या वरचं आतडं थेट मोठ्या आतड्याला जोडलं आणि दोन तासांच्या आत काम संपवलं. हृदयाने तक्रार केली नाही. नोव्हेंबरमध्ये आयसेनहॉवर निवडून आले.

त्या रात्री त्या डॉक्टरांच्या हाताशी नेमकं काय होतं? फार थोडं. हार्ट अटॅक येऊनही माणूस जगू शकतो, ही गोष्टच वैद्यकाला नीट पटली ती शिकागोच्या जेम्स हेरिक यांच्या १९१२ च्या निबंधापासून. १९३० मध्ये बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकार असलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या ४१४ रुग्णांचा आढावा छापला होता. पण त्यात झडपांचे विकार, रक्तदाब, सगळेच एकत्र होते. 'अटॅकनंतर किती दिवसांनी?' हा प्रश्न कुणी आकड्यांत विचारलेला नव्हता.

तो विचारला गेला साठच्या दशकात, आणि विचारणारे भूलतज्ज्ञ होते. हे मला साहजिक वाटतं. सर्जनचं लक्ष जखमेवर असतं. पेशंटच्या डोक्याशी बसून नाडी मोजणाऱ्यालाच हृदयाची काळजी. न्यूयॉर्कमध्ये टॉपकिन्स आणि आर्टुसिओ यांनी पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या पाच वर्षांच्या नोंदी पाहिल्या आणि १९६४ मध्ये छापल्या. आधी अटॅक न आलेल्या बारा हजारांवर पुरुषांपैकी ऑपरेशननंतर ०.६६ टक्क्यांना अटॅक आला. आधी अटॅक येऊन गेलेल्या ६५८ जणांमध्ये हेच प्रमाण ६.५ टक्के होतं. म्हणजे दहापट. आणि ज्यांचा पहिला अटॅक सहा महिन्यांच्या आतला होता, त्यांच्यात निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा अटॅक आला होता.

यानंतर येतो तो निबंध, ज्याचा उल्लेख पुढची चाळीस वर्षं प्रत्येक पाठ्यपुस्तकात होत राहिला. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमधल्या तर्हान आणि सहकाऱ्यांनी १९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत भूल दिलेल्या, तिशी उलटलेल्या ३२,८७७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९७२ मध्ये निकाल छापला. आधी अटॅक न आलेल्यांना ऑपरेशननंतरच्या आठवड्यात अटॅक येण्याचं प्रमाण ०.१३ टक्के. आधी अटॅक येऊन गेलेल्या ४२२ जणांत ६.६ टक्के. पुन्हा अटॅक आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावले. आणि मग तो प्रसिद्ध उतार : अटॅकनंतर तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर ३७ टक्के, तीन ते सहा महिन्यांत १६ टक्के, सहा महिन्यांनंतर चार ते पाच टक्के, आणि त्यापुढे कितीही वर्षं थांबलं तरी साधारण तेवढंच.

बघा, किती छान जिना आहे. ३७, १६, ५. दोन पायऱ्या उतरलात की सपाटी. सहा महिन्यांनंतर थांबण्यात फायदा नाही आणि त्याआधी घाई करण्यात तोटा आहे, असं चित्र डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं. रात्री दोन वाजता निर्णय घ्यायचा असलेल्या रेसिडेंटला यापेक्षा सोपं काय हवं? नियम झाला.

आता टक्के बाजूला ठेवून माणसं मोजू. ४२२ पैकी तीन महिन्यांच्या आतला अटॅक किती जणांचा होता? आठ. त्यातल्या तिघांना पुन्हा अटॅक आला. तीन भागिले आठ, म्हणजे ३७ टक्के. तीन ते सहा महिन्यांच्या गटात होते एकोणीस. त्यातलेही तीन. म्हणजे १६ टक्के. जिन्याच्या वरच्या दोन्ही पायऱ्या मिळून सत्तावीस माणसं आणि सहा अटॅक.

संख्याशास्त्र शिकवणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांना 'आठांत तीन' असं म्हणून बघा. ते लगेच विचारतील, कॉन्फिडन्स इंटरव्हल किती? म्हणजे या आठ जणांवरून खऱ्या धोक्याबद्दल किती ठामपणे बोलता येईल? गणित सोपं आहे. खरा धोका साडेआठ टक्क्यांपासून साडेपंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही असला, तरी आठांत तीन हा निकाल त्याच्याशी विसंगत ठरत नाही. आठांपैकी एकाला त्या आठवड्यात अटॅक आला नसता, तर पाठ्यपुस्तकात २५ टक्के छापलं गेलं असतं. आणखी एकाला आला असता तर ५०.

यात तर्हान आणि मंडळींचा दोष नाही, हे मुद्दाम सांगते. त्यांनी आठ हा आकडा लपवला नव्हता, तक्त्यात छापला होता. तो वगळला पुढच्यांनी. एका निबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून परीक्षेच्या नोट्समध्ये जाताना ३७ टक्के तेवढे उरले, आठ माणसं गळाली. शिवाय आठच का होती, याचाही विचार करायला हवा. ताजा अटॅक असताना ऑपरेशन टाळायचं, हे डॉक्टर आधीपासूनच करत होते. तरीही ज्यांना टेबलावर घ्यावं लागलं, ते थांबूच न शकणारे असणार. मग त्यांना आलेला अटॅक घाईमुळे आला, की ज्या आजारामुळे घाई करावी लागली त्यामुळे? आठ माणसांवरून हे वेगळं काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या तक्त्यात दिसते, जी फारशी कुणी बोलत नाही. ४२२ चे ६.६ टक्के म्हणजे २८ जण. त्यातले सहा जण पहिल्या सहा महिन्यांतले. उरलेले २२ नियमाच्या बाहेरचे. सहा महिन्यांचा नियम तंतोतंत पाळला असता तरी ते वाचले नसते. सहा महिन्यांनंतर धोका 'कमी' होतो हे खरं, पण तो कधीही अटॅक न आलेल्या माणसापेक्षा तीस-पस्तीसपट जास्तच राहतो. नियमाने लोकांचं लक्ष जिन्याकडे वेधलं आणि सपाटीवर मरणाऱ्यांकडे काही काळ दुर्लक्ष झालं, असं माझं मत आहे.

पण हृदयाला ऑपरेशन एवढं जड का जातं? भूल दिल्यावर माणूस तर शांत झोपलेला असतो. खरी परीक्षा बहुतेकदा जाग आल्यावर सुरू होते. दुखतं, थंडी वाजते, रक्त गेलेलं असतं, अॅड्रेनलिनचा पूर आलेला असतो. नाडी धावू लागते. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. नाडी वाढली की तीच विश्रांती आखडते. म्हणजे काम वाढलं आणि जेवणाची सुट्टी कापली. त्यात शरीर जखम भरायला निघालेलं असतं, म्हणून रक्त गोठण्याचा वेगही वाढलेला. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत गुठळी व्हायला एवढं पुरतं. म्हणूनच मेयोच्या नोंदींत पुन्हा आलेले अटॅक ऑपरेशन टेबलावर कमी आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास जास्त दिसतात. नातेवाईक 'झालं एकदाचं' म्हणून घरी अंघोळीला जातात, तेव्हा. आणि पहिल्या अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट वण तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर ती जागा कच्ची. थांबण्यामागे हे जैविक कारण आहेच. फक्त ते 'काही आठवडे' आहे, अर्धं वर्ष नाही, हे लक्षात ठेवा.

नियमाचं वजन वाढलं ते १९७७ मध्ये. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ली गोल्डमन या तरुण डॉक्टरने सहकाऱ्यांसोबत चाळीशी उलटलेल्या १,००१ रुग्णांचा पाठपुरावा केला आणि गुणांचा तक्ता बनवला. हृदय निकामी होत असल्याची चिन्हं असतील तर ११ गुण, सहा महिन्यांच्या आत अटॅक असेल तर १०, सत्तरीच्या पुढे वय असेल तर ५, तातडीचं ऑपरेशन असेल तर ४. एकूण ५३ पैकी. बेरीज जास्त तितका धोका जास्त. हा अभ्यास माणसं पुढे पाहत केलेला होता, जुन्या फायली उपसून केलेला नव्हता, आणि अनेक कारणं एकत्र तोलणारा होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यांत प्रामाणिक पाऊल. पण 'सहा महिने' ही रेघ त्यांनीही आधीच्यांकडून उचलली आणि तक्त्यात पक्की केली. ती अशा तक्त्यातून बाहेर पडली १९९९ मध्ये, बॉस्टनमध्येच. थॉमस ली आणि सहकाऱ्यांनी तातडीची ऑपरेशनं वगळून ४,३१५ रुग्णांवरून सहा मुद्द्यांची नवी यादी केली, त्यात अटॅक कधी आला याला वेगळे गुणच नव्हते. येऊन गेला आहे की नाही, एवढंच. आजही फिटनेस देताना बहुतेक ठिकाणी हीच सहा मुद्द्यांची यादी वापरतात, आणि तोंडाने मात्र सहा महिने सांगतात!

मधल्या काळात दोन वेळा असं वाटलं होतं, की हा धोका आता माणसाच्या मुठीत आला.

पहिली वेळ १९८३ ची. इलिनॉयमधल्या राव, जेकब्स आणि एल-एट्र यांनी भूलतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक चकित करणारा निबंध छापला. १९७३ ते १९७६ मधल्या ३६४ जुन्या रुग्णांत पुन्हा अटॅकचं प्रमाण ७.७ टक्के होतं. १९७७ ते १९८२ मधल्या ७३३ नव्या रुग्णांत ते १.९ टक्क्यांवर आलं. तीन महिन्यांच्या आतल्यांत तर ३६ वरून थेट ५.७ टक्के. काय केलं होतं त्यांनी? हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत जाणारी नळी घालून दर क्षणाला दाब मोजले, रक्तदाब आणि नाडी जरा हलली की लगेच औषध दिलं आणि ऑपरेशननंतर तीन-चार दिवस पेशंटला अतिदक्षता विभागात ठेवलं. ही नळी म्हणजे लॉस एंजेलिसच्या स्वान आणि गँझ यांनी १९७० मध्ये जगासमोर आणलेलं, टोकाला फुगा असलेलं कॅथेटर. रक्ताच्या प्रवाहात फुगा शिडासारखा वाहत जातो आणि नळीला बरोबर जागी नेतो.

श्रेय कुणाला द्यायचं? सगळ्यांनी नळीला दिलं, कारण ती दिसते. पण जुना गट वेगळ्या वर्षांतला आणि नवा गट वेगळ्या वर्षांतला. मधल्या काळात औषधं बदलली, भूल बदलली, तीन-चार दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा देणारे लोक आले. नळी खरोखर उपयोगी आहे का हे कळायला चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना घालायची आणि अर्ध्यांना नाही, असं करावं लागतं. कॅनडातल्या सँडम आणि सहकाऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर केलं, पण निकाल आला २००३ मध्ये. जास्त धोका असलेले १,९९४ वयस्कर रुग्ण, नळीविना मृत्यू ७.७ टक्के, नळीसह ७.८. राव यांच्या निबंधानंतर वीस वर्षं गेली होती. माझा कयास असा, की त्यांच्या रुग्णांना वाचवलं ते पहाऱ्याने. पण पहाऱ्याची जाहिरात कोण करणार?

दुसरी वेळ जास्त महागात पडली. नाडी धावल्याने हृदय उपाशी राहतं, तर नाडी धावूच न देणारी गोळी द्यावी, हा विचार अगदी तर्कशुद्ध. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉन पोल्डरमन्स यांच्या गटाने रक्तवाहिन्यांचं मोठं ऑपरेशन होणाऱ्या ११२ रुग्णांवर बीटा-ब्लॉकरचा प्रयोग छापला. गोळी न दिलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक ३४ टक्के, गोळी दिलेल्यांत ३.४. दहापट फरक! पुन्हा माणसं मोजा : ५३ पैकी १८ आणि ५९ पैकी २. एवढ्यावर अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला, आणि जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत गोळी शिरली.

कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या पी. जे. डेव्हेरो आणि मंडळींनी हाच प्रश्न २३ देशांतल्या १९० रुग्णालयांत नेला. त्यात भारतही होता. २००८ मध्ये ८,३५१ रुग्णांचा निकाल आला. ऑपरेशनच्या काही तास आधी सुरू केलेल्या मेटोप्रोलॉलने अटॅक खरंच कमी झाले, ५.७ वरून ४.२ टक्के. पण मृत्यू २.३ वरून ३.१ टक्क्यांवर गेले आणि पक्षाघात दुप्पट झाले. हजार जणांना गोळी दिली तर पंधरा अटॅक टळतात आणि आठ माणसं जास्त दगावतात. हृदय सावरलं, पण रक्तस्राव झाल्यावर किंवा जंतुसंसर्गात शरीराला जी धावती नाडी आणि टिकून राहिलेला रक्तदाब लागतो, तो गोळीने काढून घेतला होता. याच अभ्यासात इराण आणि कोलंबियातल्या काही केंद्रांनी नोंदी बनावट भरल्याचं संशोधकांना स्वतःच आढळलं, आणि त्यांनी ९४७ रुग्ण छापण्याआधीच वगळले.

नेदरलँड्समध्ये गोष्ट उलट्या क्रमाने घडली. नोव्हेंबर २०११ मध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राने पोल्डरमन्स यांना वैज्ञानिक गैरवर्तनाच्या कारणावरून पदावरून दूर केलं. त्यांनी निष्काळजीपणा मान्य केला, हेतुपुरस्सर काही केल्याचं नाकारलं. चौकशीचा रोख त्यांच्या नंतरच्या अभ्यासांवर होता. १९९९ चा निबंध मागे घेतला गेलेला नाही. पण २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी त्या गटाचे सगळे अभ्यास बाजूला ठेवून उरलेल्यांची बेरीज केली, तेव्हा ऑपरेशनपूर्वी नव्याने सुरू केलेल्या बीटा-ब्लॉकरने मृत्यू २७ टक्क्यांनी वाढतात असं निघालं. युरोपच्या ज्या समितीने २००९ मध्ये या गोळीची शिफारस केली, तिचे अध्यक्ष पोल्डरमन्सच होते. पुढच्याच वर्षी युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या सूचना सुधारून आल्या. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी ती चालू ठेवावी, हा भाग मात्र तसाच टिकला. अचानक बंद केली तर नाडी उसळते.

'मग आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून हृदय दुरुस्त करू आणि मग ऑपरेशन करू', हा विचार तुमच्याही मनात आला असेल. तोही तपासून झाला आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनआधी स्थिर हृदयविकाराच्या ५१० रुग्णांवर. दुरुस्ती केलेल्यांत पावणेतीन वर्षांनी मृत्यू २२ टक्के, न केलेल्यांत २३. शिवाय नवा स्टेंट स्वतःचंच घड्याळ घेऊन येतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्या तर तो तुंबतो, चालू ठेवल्या तर जखम वाहते. २००० मध्ये कालुझा आणि सहकाऱ्यांनी स्टेंट बसवून सहा आठवडेही न झालेले ४० रुग्ण छापले : ८ मृत्यू, ७ अटॅक, ११ मोठे रक्तस्राव. चाळीसच माणसं, हो. पण इथे आकडा लहान असला तरी दिशा नंतरच्या अभ्यासांनी बदलली नाही.

आता परत जिन्याकडे. आठ माणसांवरचा तो जिना खरा होता का? २०११ मध्ये लिव्हिट्स आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या १९९९ ते २००४ च्या रुग्णालयीन नोंदी घेतल्या. खुब्याचं ऑपरेशन, पित्ताशय, मोठं आतडं, पोटातली महाधमनी, पाय कापणं, अशी पाच ऑपरेशनं, ५,६३,८४२ रुग्ण. आधीच्या अटॅकनंतर महिन्याच्या आत ऑपरेशन झालेल्यांत पुन्हा अटॅक ३२.८ टक्के. दुसऱ्या महिन्यात १८.७. तिसऱ्यात ८.४. तीन ते सहा महिन्यांत ५.९. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा ३२.८ वर थबकले. चाळीस वर्षं, स्टेंट, नवी औषधं, नवी भूल, पाच लाखांवर माणसं, आणि वरची पायरी जवळपास त्या तीन भागिले आठच्या शेजारी!

खोच अशी, की जिना आहे पण आखूड आहे. सगळ्यांत मोठी उतरण पहिल्या दोन महिन्यांत होते, कच्चा वण पक्का व्हायला लागतो साधारण तेवढ्याच काळात. याच अभ्यासाच्या आधारे अमेरिकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत, स्टेंट किंवा बायपास झालेलं नसेल तर, निदान ६० दिवस थांबा असं आलं. मृत्यूचे आकडे मात्र फार संथ उतरतात : पहिल्या महिन्यात १४.२ टक्के आणि तीन ते सहा महिन्यांतही ९.९. महिन्याच्या आत ज्यांना टेबलावर घेतलं ते कोण होते, ही मेयोच्या आठ जणांबद्दलची शंका इथेही लागू पडतेच.

सहा महिने आणि साठ दिवस यांतला फरक कागदावर चार महिन्यांचा. पण तो कुणाचे चार महिने आहेत यावर सगळं ठरतं. हर्निया न दुखता बसलेला असेल तर चार महिने काहीच नाहीत. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ असेल तर चार महिन्यांत ती कुठवर जाईल सांगता येत नाही. आणि खुब्याचं हाड मोडलेली आजी साठ दिवसही थांबू शकत नाही. अंथरुणावर पडून न्यूमोनिया आणि पायातल्या गुठळ्या तिची वाट पाहत असतात. आयसेनहॉवर यांच्याच आयुष्यात हे सगळे प्रकार येऊन गेले. नोव्हेंबर १९६५ मध्ये अटॅक आल्यावर पित्ताशय काढायला डॉक्टर वर्षभराहून जास्त थांबले, कारण थांबता येत होतं. फेब्रुवारी १९६९ मध्ये, वर्षभरात चार अटॅक सोसलेल्या त्याच माणसाचं आतडं १९५६ च्या ऑपरेशनच्या वणांमुळे पुन्हा अडलं, तेव्हा थांबणं शक्यच नव्हतं. त्या ऑपरेशनमधूनही ते उठले. पुढच्या महिन्यात हृदय थकून गेले.

शेवटी एक गोष्ट, जिच्यामुळे या सगळ्या जुन्या तक्त्यांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. डेव्हेरो यांच्या त्या मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या रक्तातलं ट्रोपोनिन ऑपरेशननंतर नेमाने तपासलं जात होतं. २०११ मध्ये त्यांनी त्यातले अटॅक बारकाईने पाहिले. ६५.३ टक्के लोकांना छातीत दुखलंच नव्हतं, दम लागला नव्हता, काहीच नाही. वेदनाशामकांच्या गुंगीत आणि टाक्यांच्या दुखण्यात ते हरवून गेलं होतं. बहुतेक अटॅक पहिल्या ४८ तासांतले होते आणि लक्षणं नसलेल्यांचा मृत्यूचा धोका लक्षणं असलेल्यांपेक्षा कमी नव्हता. मेयोच्या काळात ट्रोपोनिनची तपासणी नव्हती. कुणी तक्रार केली, कार्डिओग्राम बदलला किंवा माणूस दगावला, तरच अटॅक नोंदीत यायचा. तेव्हा १९६७-६८ मधल्या त्या आठ जणांपैकी नक्की तिघांनाच अटॅक आला होता, की आणखी एखाद-दोघे तो अंगावर घेऊन, काही न बोलता, चालत घरी गेले होते?